महादेवाचा तिसऱ्या वेळचा होकार

एटापल्ली,
१८ जानेवारी १९५७

ती. गुणवंतमामांस कमळाचा नमस्कार. मी बरी आहे. डावा डोळा सुजून बंद आहे, उजव्याने लिहिते आहे. ओळ तिरकी गेल्यास रागावू नये. तुमचा गुडघा कसा आहे? मामींच्या खोकल्यासाठी सोबत हिरड्याची पुडी पाठवते. ती न उघडता त्यांच्याच हाती द्यावी.

तुमचे पत्र पोचले. मार्कंड्याला महादेवापुढे 'होय' आणि 'नाही' अशा दोन चिठ्ठ्या टाकल्या, 'होय' निघाली. तेव्हा वैशाखात आरमोरीच्या मुलाशी माझे लग्न होणार, ही नोकरी सुटणार, आणि हे सगळे आधीच लिहिलेले आहे, असे तुम्ही म्हणता.

आधी डोळ्याचे सांगते. इथे मी बांबूची मोजणी करते. सगळे जंगल मोजता येत नाही, म्हणून नकाशावर चौकोन पाडून त्यांना नंबर दिले आहेत. त्यांतले कोणते मोजायचे, ते एका पुस्तकातून ठरते. पुस्तकात पानोपानी नुसते आकडे, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसलेले. (पोथी समजून आमच्या जंगलखात्याच्या नाकेदाराने त्याला एकदा हळदकुंकू वाहिले. सत्तेचाळिसावे पान अजून पिवळे आहे.) सोमवारी आकडा निघाला २१३. हा चौकोन सूरजागडच्या बाजूला, काट्यांच्या चढावर. वाट दाखवायला इसरूभाऊ होते. साठीचे आहेत, जन्म याच जंगलात गेला. अर्ध्या चढावर ते थांबले. "बाई, या पुस्तकाले कोन सांगते?" मी म्हटले, कोणीच नाही. "मंग त्याचं काऊन आयकता? इथी खालीच बांबू हाये ना!" मी सांगितले की सोपे पाहून निवडले, तर ती जंगलाची मोजणी राहत नाही, माझ्या पायांची होते. २१३ मध्ये बांबूची एकतीस बेटे आणि एक आग्या मोहोळ निघाले. मोहोळासाठी आमच्या तक्त्यात रकाना नाही. इसरूभाऊ पळता पळता ओरडले, "मोजा आता!" मी दुपारनंतर परत गेले आणि मोजली. एका डोळ्याने.

सांगायचे ते हे, मामा, की चिठ्ठी एकदाच काढायची असते. तुमच्या हाती आधी दोनदा 'नाही' आली. मग "हात ओला होता" म्हणून तुम्ही तिसऱ्यांदा काढली, असे समजते. (कोणाकडून, ते सांगणार नाही. गाभाऱ्यात तुम्ही, मामी आणि महादेव एवढेच होतात, आणि महादेवांचा माझ्याशी पत्रव्यवहार नाही.) सगळे लिहिलेलेच असेल, तर चिठ्ठी कशाला? आणि असेलच, तर माझा नकारही तिथेच लिहिलेला असणार. मी तो फक्त वाचून दाखवते आहे: नाही. लिहिलेला नसेल, तरीही नाही.

एवढ्याने समाधान होत नसेल, तर शिवरात्रीच्या जत्रेत आईसमोर पुन्हा चिठ्ठ्या टाका. एकदाच काढा, हात कोरडा करून. त्या पुस्तकाचे ऐकते, तसे मी त्या चिठ्ठीचे निमूट ऐकेन.

कमळा

ता. क. या वेळी चिठ्ठ्या मामींनी कराव्यात. तुमच्यावर अविश्वास नाही; मोजणारा आणि तपासणारा वेगळा असावा, एवढेच.

ता. क. दुसरा. (हा मामींसाठी. इतके बारीक अक्षर मामांना चष्म्यातूनही दिसत नाही, याची मी दिवाळीत खात्री करून घेतली आहे.) मामी, हिरड्याच्या तळाशी दोन चिठ्ठ्या आहेत. कागद एक, घडी एक. याच टाका. मामांनी कोणतीही उचलली तरी चालेल. दुसरी मात्र कोणी उघडायच्या आत चुलीत घाला.