पारोळ्यापर्यंत पहिला

२ डिसेंबर १९६८, धुळे

मडगार्ड काढले. साखळीचं झाकण काढलं. घंटी काढली. कॅरिअरसुद्धा काढलं! यांची सायकल आता पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी दिसते. वाल्मीक म्हणतो, "माय, शर्यतीची सायकल अशीच असते. वजन कमी पाहिजे."

हे जाऊन चार वर्षं झाली. याच सायकलीवरून जिनिंगमध्ये कापूस तोलायला जायचे. घंटी वाजवल्याशिवाय कधी गल्लीचं वळण घेतलं नाही, गल्ली रिकामी असली तरी. आणि पोरगा म्हणतो, घंटी लागत नाही.

कॅरिअर पुसून पलंगाखाली ठेवलं. त्यावर मी बसायचे.

५ डिसेंबर

शर्यतीचा छापील कागद वाचला. २६ जानेवारी, जळगाव ते धुळे, अठ्ठावन्न मैल. पहिले दोघं पुण्याला जाणार. सहा महिने सराव, राहणं-खाणं फुकट, पुढे पोलिसात नोकरीची आशा.

जावं की! एकुलता एक आहे म्हणून काय झालं? मी कशाला अडवू? मला शिलाई आहे, वाचनालयाची पुस्तकं आहेत. शेजारच्या लताबाईला हेच सांगितलं. म्हणाली, "अक्का, सकाळपासून तिसऱ्यांदा सांगताय."

९ डिसेंबर

गुरू मिळाला! झुलालआबा, तालमीचे वस्ताद. स्वतः सायकलवर कधी बसलेले नाहीत. बसले तर सायकल परत उठायची नाही.

पोराकडे खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "अक्का, तुना पोऱ्या वाघ शे. पन मांड्या बगळान्या! आधी मांड्या." पाचशे बैठका, दोन शेर दूध, वर तूप आणि बदाम. मी विचारलं, "आबा, सायकल केव्हा?" तर म्हणे, "सायकल काय, ती आपोआप पळस. पळवनारा तयार पाहिजे!"

दूध कुणाच्या म्हशीचं, ते आबांनी सांगितलं नाही.

२० डिसेंबर

अकरा दिवसांत वाल्मीक साडेसात पौंड वाढला. जिनिंगच्या काट्यावर तोलून आणला. यांच्या हाताखालचा माणूस होता तिथं, त्याने दोनदा तोललं. म्हणाला, "साहेब असते तर तिसऱ्यांदा तोललं असतं." खरं आहे.

मडगार्ड, घंटी, कॅरिअर सगळं मिळून एवढं भरत नसेल. सायकलचं उतरवलेलं वजन आबांनी पोरावर चढवलं!

वाचनालयातल्या एका आरोग्याच्या मासिकात लेख आहे. लांबच्या शर्यतीचा गडी हलका हवा, आणि बैठकांपेक्षा रोजचं अंतर महत्त्वाचं. मासिक तालमीत नेऊन आबांपुढे धरलं. त्यांनी पान उलटून मागची मलमाची जाहिरात पाहिली. "अक्का, कागदवर सायकल चालत नही."

मी म्हटलं, "बैठकांवरही चालत नाही, आबा."

तालमीतली पोरं हसली. आबा रुसले.

२४ डिसेंबर

आबा अजून रुसलेलेच आहेत. चार दिवस झाले, वाल्मीक रोज सायकलने सोनगीरला जाऊन येतो. दूध बंद. रंग सुधारला. आबांनी संक्रांतीपर्यंत रुसावं.

१ जानेवारी १९६९

कापडवाल्या ज्ञानचंद शेठनी वाल्मीकला दुकानात बोलावून अर्धा तास हिमतीवर भाषण दिलं. "हिंमत रख, बेटा. हिंमत हो तो टायर-ट्यूब क्या चीज है!" म्हणूनच बहुधा टायर-ट्यूब दिली नाही. बनियन दिलं. पुढे दुकानाचं नाव, मागे पत्ता, खाली 'एकच भाव'. मग पोराला बनियन घालून आग्रा रोडवर फिरायला लावलं. शेठ ओट्यावरून ओरडत होते, "अरे भाई, जरा धीरे! पब्लिकला वाचता आलं पायजे!"

मी विचारलं, "शेठजी, शर्यतीतही धीरेच चालव म्हणू का त्याला?"

शेठ खरंच विचारात पडले!

१४ जानेवारी

तिळगूळ घ्यायला बावीस माणसं आली. बावीस सल्ले. पंप एकाचाही नाही.

१९ जानेवारी

वाल्मीक पहिल्या एस.टी.च्या टपावर सायकल टाकून जळगावला गेला आणि तिथून चालवत आला. तीन तास आठ मिनिटं. मागच्या वर्षी जो पहिला आला, त्याला तीन तास वीस मिनिटं लागली होती.

हात धुता धुता म्हणाला, "माय, मी जिंकतो बहुतेक." भाजीत मीठ बरोबर आहे म्हणावं, तसं. बढाई नव्हती.

भाकरी करपली माझी.

२६ जानेवारी

तिसरा आला.

कलेक्टर कचेरीपुढे मी सकाळपासून उभी. झुलालआबा शिट्टी घेऊन. शेठ हार घेऊन. आधी भुसावळचा आला, मग जळगावचा. आणि चार मिनिटांनी आमचा. डोक्याला केशरी फेटा, अर्धा सुटून पाठीवर लोंबतोय, कपाळावर कुंकू, गळ्यात झेंडूचे हार! हा शर्यतीतून आला की वरातीतून? लोक टाळ्या पिटत होते. कुणीतरी ओरडलं, "नवरी मागे राहिली का रे?"

"पारोळ्यापर्यंत मी पहिला होतो, माय." एवढंच म्हणाला. बाकीचं दुपारी तुकड्यातुकड्यांनी कळलं.

पारोळ्यात माझा थोरला भाऊ राहतो, आधारभाऊ. पिठाची गिरणी आहे. गावातून जाणाऱ्याचा सत्कार केल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. एकदा वाट चुकलेल्या तलाठ्याला नारळ दिला होता. तर त्याने रस्त्यात बैलगाडी आडवी लावली. बँड. वहिनी आणि चार बाया ओवाळायला. नारळ पुढच्या चाकावरच फोडला. पोरगा म्हणतोय, "मामा, जाऊ द्या!" मामा म्हणतोय, "अरे, दोन मिनिटं! आजोळावरून असाच जाशील?" फेटा बांधला. पेढा भरवला. वडीलधाऱ्यांच्या पाया पड म्हणाले. अकरा वडीलधारे निघाले! मग भाषण. मग फोटो, आणि फोटोवाल्याला ऊन दुसऱ्या बाजूने हवं होतं, म्हणून सगळे फिरून उभे राहिले. तेवढ्यात गाडीच्या कडेने दोघं निघून गेले. त्यांचं आजोळ पारोळ्याला नव्हतं.

आबा ओरडत होते, "त्याना मामाले दखस मी!" शेठचं दुःख वेगळं. हारांखाली दुकानाचं नाव झाकलं गेलं.

बक्षीस म्हणून थर्मास मिळाला. धुळ्यात थर्मास! इथं उन्हाळ्यात पाणी आपोआप गरम राहतं.

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मीच हसले. वाल्मीक फेट्याची घडी घालत बसला होता.

२९ जानेवारी

तो सायकलकडे जात नाही. जेवतो, पान उचलतो, गिरणीसारखा घरघरत नाही की भांडत नाही. विचारलं तर "काही नाही, माय."

२ फेब्रुवारी

आधारभाऊ आला. फोटोला चौकट करून आणली. खुशीत होता!

वाल्मीकने शांतपणे विचारलं, "मामा, तुम्हाला शर्यत माहीत होती ना? मग थांबवलं का?"

भाऊ गोंधळला. "अरे, मी काय मनाने केलं? तुझ्या मायनेच कळवलं!" आणि खिशातून कार्ड काढून मोठ्याने वाचलं: "वाल्मीक सव्वीस तारखेला नऊच्या सुमारास तुमच्या दारावरून जाईल. बाप नाही त्याला. आजोळच्या गावातूनही कुणी तोंड न पाहता जाऊ दिलं, असं लोकांनी म्हणू नये."

वाल्मीकने कार्ड हातात घेतलं. पाहिलं. परत दिलं.

"मामा, चहा घ्या," म्हणाला.

३ फेब्रुवारी

ही वही फक्त माझी. तरी हिच्यापासूनही लपवलं.

एकोणीस तारखेला भाकरी करपली, त्याच दुपारी कार्ड टाकलं. तेव्हा मनाशी म्हटलं, भावाला कळवायला नको का? खोटं. मला तीन भाऊ. आणखी एक नाशिकला मास्तर आहे, एक अमळनेरला. त्यांना नाही लिहिलं. जो रस्ता अडवील, त्यालाच लिहिलं. 'बाप नाही त्याला' हे तीन शब्द घातले म्हणजे तो गाडी आडवी लावील, हेही ठाऊक होतं.

आबांना हसले, शेठना हसले. त्या दोघांनी मिळून पोराची पाच मिनिटंसुद्धा खाल्ली नाहीत.

हे असते तर मला काही बोलले नसते. तेच सगळ्यांत वाईट.

८ फेब्रुवारी

शर्यतीच्या कागदावर तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आहे. निवड न झालेल्यालाही स्वखर्चाने पुण्याला जाऊन १५ फेब्रुवारीच्या चाचणीत उतरता येईल. मी डिसेंबरातच वाचली होती. तेवढ्यापर्यंत कुणी वाचत नाही. मी वाचते, औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा.

आज त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला. शिलाईचे साठ रुपये वर ठेवले. त्याने वाचलं. माझ्याकडे पाहिलं नाही. भाकरी मात्र दोन जास्त खाल्ल्या.

११ फेब्रुवारी

उठले तेव्हा सायकल नव्हती. साठातले वीस ठेवून गेला, चिठ्ठी नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने मालेगावकडे जाताना पाहिला. मालेगाव, मनमाड, येवलं, नगर. त्या सगळ्या रस्त्यावर आमचं कुणीही राहत नाही.