लार्चच्या दुसऱ्या फांदीपर्यंत

हिंटरआख, २८ मार्च

प्रिय बुर्गी,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. ईस्टरला व्रोनीला स्की शिकवायचं, जावईबापूंना रजा मिळाली आहे, आता एखादं छोटंसं, देखणं, फार गर्दी नसलेलं गाव तेवढं सुचव, असं लिहिलंस. आणि खाली बारीक अक्षरात, 'की सरळ घरीच येऊ? आजोबांच्या उतारावर शिकेल ती.' फोनच केला असता, पण फोन तुझ्या बाबांच्या खुर्चीशेजारी आहे आणि कान त्यांचे अजून तिखट आहेत. ते आत्ता जेवून आडवे झालेत. तासभर तरी उठायचे नाहीत, म्हणून घाईघाईने लिहितेय.

तर क्राइनबाखला जा. गाव उंचावर आहे, तिथे मे लागेपर्यंत बर्फ टिकतो. जुनी लाकडी घरं आहेत, चौकात कारंजं आहे, आणि बेकरीत खसखशीचा केक असा मिळतो की व्रोनी दुसरं काही खायची नाही. नाहीतर ओबरफेर्न बघ. तिथे चर्चच्या मागे इतका सौम्य उतार आहे की तुझ्या युर्गेनलाही झेपेल. तुम्हा हॅम्बुर्गकरांना उतार म्हणजे बसची पायरी, हे त्याला माझं नाव घेऊन सांग. माझी मावसबहीण मोनी तिथे खोल्या देते, नाश्त्यासकट. इथे मात्र येऊ नका. खालचा बर्फ पार मऊ झालाय, दक्षिणेचा गरम वारा चार दिवस थांबलेला नाही, दुपारी नुसता राडा होतो.

हे सगळं लिहून झालं आणि पेन खाली ठेवला. खोटं काहीच नाही यात. पण खरं कारणही हे नाही, बुर्गी.

बाबा रोज सकाळी साडेसहाला दुर्बीण घेऊन गॅलरीत उभे राहतात, बर्फ कुठे सुटतोय का म्हणून कोगल डोंगर डावीकडून उजवीकडे बघतात आणि मग स्कीवाल्यांना वर नेणाऱ्या लिफ्टवरच्या फ्लोरीला फोन करतात. तो अजूनही रोज तेच विचारतो, "काय मग नाझकाका, उघडायचं की परत झोपू?" बाबा एका शब्दात सांगतात, आणि त्या शब्दावर सगळं गाव चालतं. तू सातवीत असताना त्यांनी ऐन ईस्टरच्या रविवारी उतार बंद ठेवला होता, आठवतं? खानावळीची हेडविग आपल्या दारात येऊन ओरडली होती, "तुझ्या भित्रेपणापायी आमच्या पोटावर पाय!" आणि अकरा वाजता कोगलवरचा सगळा बर्फ सुटून त्या रिकाम्या उतारावर येऊन पडला. त्या दिवसापासून त्यांना कोणी उलटून विचारलेलं नाही. मीही नाही.

जानेवारीतल्या वादळात उतारावरचा तो एकटा लार्च वृक्ष पडला. बाबा त्याच्यावरूनच बर्फ मोजायचे. गावात कोणी त्यांच्यापाशी विषय काढला नाही, कारण त्यांनाच सगळ्यांच्या आधी दिसला असणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं. फेब्रुवारीत एका सकाळी मी कॉफी घेऊन गॅलरीत गेले, तर दुर्बीण डोळ्याला लावून ते म्हणाले, "लार्चच्या दुसऱ्या फांदीपर्यंत आहे आज." मी समोर पाहिलं. तिथे झाडच नव्हतं.

म्हणजे ते बघत नव्हते, आठवत होते. तीस वर्षं पाहिलेला डोंगर पाठ झालाय, तोच म्हणून दाखवत होते. मग मला एकेक गोष्ट उमगत गेली. ते चर्चमध्ये प्रार्थनेचं पुस्तक उघडतच नाहीत. मिठाचा डबा हाताने चाचपतात. डॉक्टरांचं नाव काढलं की "मला काय धाड भरलीय!" म्हणून उठून जातात.

मी कोणाला सांगितलं नाही. लाज वाटली म्हण, दया आली म्हण. मी त्यांच्याशेजारी उभी राहायला लागले आणि गप्पा मारल्यासारखं सांगायला लागले, नाझ, ते डावीकडे काय घसरून आलंय रे, कड्याखाली भेग पडलीय का बघ. ते म्हणायचे, "दिसतंय गं, आंधळा नाही मी." आणि फ्लोरीला बरोबर तेच सांगायचे. महिनाभर मी त्यांचे डोळे झाले. मला वाटलं, निभलं. एप्रिल संपला की लिफ्ट बंद, मग पुढच्या हिवाळ्यापर्यंत काहीतरी सुचेल.

मंगळवारी पोरांच्या सरावाच्या उताराच्या बरोबर वर माशाचं तोंड उघडलं. लहानपणी तुला त्याची भीती वाटायची. बर्फ गवतावरून सरकायला लागला की तो तसा आडवा फाटतो आणि आतून तपकिरी जमीन दिसते. मी सांगितलं. ते म्हणाले, "सावली आहे ती." मी म्हटलं, सूर्य अजून वर आलेला नाही, सावली कुठून येईल? त्यांनी दुर्बीण खाली ठेवली आणि कधी नव्हे ते माझ्यावर ओरडले. "डोंगर मी बघतो की तू बघतेस?" आणि फोन उचलून म्हणाले, "उघड."

आणि मी गप्प बसले, बुर्गी. दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून पिवळ्या बंड्यातली पोरं मोजत होते. बावीस. एखादं झाडाआड गेलं की पुन्हा एकपासून मोजायचे. बटाटे चुलीवर करपले. चारला बाविसावं पोर खाली आलं तेव्हा मी करपलेलं पातेलं घासायला घेतलं. काल परत तेच. आज ते तोंड कालच्या दुप्पट रुंद आहे, आणि उतार उघडा आहे. मी खिडकीपाशीच बसून लिहितेय, दर ओळीला वर बघतेय.

मघाशी पहिलं पान परत वाचलं. माझ्या नातीला मी किती विचार करून दुसरं गाव निवडून दिलंय, अगदी केकपर्यंत! आणि ईस्टरला इथे स्कीच्या शिकवणीला चाळीस पोरांची नावं लागली आहेत. त्यांच्याही आयांनी कोणाला तरी विचारलं असेलच ना, छोटंसं, देखणं गाव सुचवा म्हणून. त्यांना सांगितलं गेलं, हिंटरआखला जा, तिथे नाझ डोंगरावर नजर ठेवून असतो.

दुसरं गाव तुला सांगता सांगताच मला कळलं की आता गप्प बसता येणार नाही. मी आधी लिफ्टवर जाऊन फ्लोरीला सांगणार आहे, पोरं आत्ताच्या आत्ता खाली घे, मी सांगते म्हणून घे. मग गावप्रमुखाकडे. वाटेत हे पत्र पेटीत टाकेन, म्हणजे पाय मागे घ्यायची सोय उरणार नाही. बाबा उठले की त्यांना माझ्याच तोंडून कळेल, लार्च पडल्याचंसुद्धा. ते मला माफ करतील असं वाटत नाही, आणि मला बर्फाइतकीच त्याची भीती वाटतेय. व्रोनीला घेऊन युर्गेन क्राइनबाखला जाऊ दे. तू मात्र घरी ये, लगेच ये, आणि स्की आणू नकोस. साडेसहाला ते रोज गॅलरीत येतीलच, आणि मी शेजारी उभी राहिलेली त्यांना चालणार नाही. तू उभी राहा.

खिडकीतून उठलेली,
तुझीच आई