आत्याचं फूल आणि हरवलेली अंगठी

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (एरवी हा शब्द आपण नुसता कागदावर घालतो. पण गेला आठवडाभर तुझ्याच कृपेने मी आठही अंगं जमिनीला टेकवून पडलो होतो, तेव्हा हा नमस्कार खणखणीत समजावा.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी तीन आठवडे जिना चढू नका म्हणून बजावलं आणि तू दुसऱ्याच दिवशी पुस्तक काढायला माळ्यावर चढलीस, ही बातमी इथवर पोचली आहे. उपदेश करत नाही. तुला उपदेश म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्या गुडघ्यामुळे यंदा तुझ्या ऑर्किडची मोजणी माझ्या गळ्यात पडली. जागा तू सांगितलीस तशीच आहे: पाण्याच्या टाकीमागचा उतार, सपाट कातळ, त्यावर बोटभर माती आणि शेवाळं. पण ऑर्किड म्हटल्यावर मी आपला काहीतरी झोकदार शोधत होतो. हे प्रकरण तांदळाच्या कणीएवढं! एकच पान, तेही जमिनीला चिकटलेलं, आणि वर हिरवट पांढरं फूल, जे उभ्या माणसाला दिसतच नाही. (पहिले दोन दिवस मी मोठ्या श्रद्धेने भलतंच तण मोजलं. एकशे चाळीस भरलं.) त्या मातीतली बुरशी त्याला भरवते, म्हणून उपटून कुंडीत लावलं की मरतं, हे तू फोनवर पाऊण तास समजावलंस आणि वर शपथ घातलीस, की जागा सांगायची नाही, फुलाचं नाव काढायचं नाही, घरातसुद्धा नाही. एकाला सांगितलं की दहाजण खुरपी घेऊन येतात म्हणे. मी नकाशे काढणारा माणूस. ठिकाणं दाखवण्यावरच माझं पोट चालतं. तरी शपथ घेतली.

मंगळवारी मी श्वास रोखून सतरावं फूल बघत होतो, तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून पोस्टमनने मला पाहिलं. मला झटका आला असं समजून तो भला माणूस डॉक्टरीणबाईंना घेऊनच वर आला. मागोमाग टाकीवर काम करणारा गवंडी आला. त्यांचे सहा बूट आणि तुझी ती इवलीशी बाळं यांच्यात जेमतेम दोन हात अंतर राहिलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अंगठी पडली हो! बायकोची!" आगीतून फुफाट्यात! कारण तिघेही तत्काळ शोधायला वाकले. गवंडी तर चाळणी आणतो म्हणाला. मी घाईघाईने दहा पावलांवरचं झुडूप दाखवलं, "तिथे पडली, तिथे," आणि सगळी फौज तिकडे वळवली. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घरी आलो.

पोस्टमन माझ्याआधी पोचला होता. तुझ्या भाचेसुनेने दारातच हात पुढे केला. बोटात अंगठी होती. म्हणाली, "माझी ही इथे आहे. टाकीमागे कुणाची हरवली?" सांग आत्या, शपथेतला माणूस काय उत्तर देणार? मी म्हणालो, "ते सांगता येणार नाही." (हे वाक्य मी पुन्हा कधी कुठल्याही बायकोसमोर उच्चारणार नाही.) तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद आहे. घरात भांडी मात्र मोठमोठ्याने बोलतात, आणि खरं सांगतो, मला फार एकटं वाटतं.

असो. मोजणी पूर्ण झाली. एकूण तेवीस, पैकी एक माझ्याच कोपराखाली गेलं. त्याबद्दल तू जे म्हणशील ते मुकाट्याने ऐकेन. गुडघ्याला जप.

तुझा,
पालथा पडलेला भाचा

ता. क. मोजणीचा तक्ता वेगळा पाठवता आला असता. खरं काम हे, की तू भाचेसुनेला स्वतःच्या हाताने चार ओळी लिही. मी फुलासाठी लोळत होतो, एवढंच. तू म्हटलंस की ती मानेल.

ता. क. २. पाकीट चिकटवणार इतक्यात गवंडी दारात. त्याला अंगठी सापडली! झुडपाच्या मुळाशी, जुनी, सोन्याची. आत कोरलंय, 'ठिणगीस'. आता भाचेसून विचारते आहे, ही ठिणगी कोण. "तुझी आत्येसासू," असं मी तिला सांगितलं, तर म्हणाली, खोटं बोलायलाही म्हातारीच सापडली का? (शब्द तिचे आहेत.) तिचंही बरोबर आहे. बाबा गेल्यापासून तुला त्या नावाने हाक मारायची कुणाची छाती झालेली नाही.

ता. क. ३. मघाशी या फुलावरचा तुझा तो चाळीस वर्षांपूर्वीचा गाजलेला शोधनिबंध काढून पाहिला. पहिलंच वाक्य आहे, 'जमिनीचे बारकाईने निरीक्षण करीत असता ही नवी जात योगायोगाने दृष्टीस पडली.' आत्या, तू फूल शोधायला गेलीच नव्हतीस ना? अंगठी माझ्याकडे जपून ठेवली आहे. कुणी दिली होती ते विचारत नाही. पण चाळीस वर्षं दर साली तू तिथे नुसती फुलंच मोजत होतीस, हे मात्र आता मला कुणी पटवू नये.