चौथ्या बोअरचा आकडा

प्रिय ताई,

पुन्हा तेच लिहिलंस, ‘त्या दिवशी मी दुसरी पाळी केली नसती तर बाबा वाचले असते.’ तीन वर्षं झाली, पाकिटावर तिकीट लावावं तसं हे वाक्य दर पत्रात असतंच. तुझी चूक नव्हती, असं मी फोनवर ओरडून सांगितलं, तू फोन आपटलास, मग महिनाभर अबोला. म्हणून या वेळी लिहितोय. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही. अक्षर सातवी नापासाचं आहे, चालवून घे.

तू शेजाऱ्यांना सांगतेस की मी कचेरीत आहे. आहे तशी कचेरी, तीन खोल्या आणि एक गळका नळ. पण माझं काम बाहेर. समोर ज्वालामुखीचा डोंगर आहे, तो बोट-बोट फुगतो, आणि आतून किती जोर लागतोय ते आमच्या मॅडम कॉम्प्युटरवर काढतात. मी पेटी पाठीवर टाकून चढतो, डोंगरात खणलेल्या चार बोअरमध्ये दोरीने तापमापक सोडतो आणि आकडा वहीत लिहितो. मुकादम मला डॉक्टर म्हणतो. काय डॉक्टर, आज पेशंट कसा आहे, म्हणून रोज छळतो.

मॅडमनी एकदा मेणाच्या दोन वड्या हातात दिल्या, एक उन्हात ठेवलेली, एक गार. म्हणाल्या, खालून बोटाने ढकल. उन्हातली लगेच फुगली. गार वडी तेवढी फुगवताना अंगठा दुखून आला. खडकाचं तसंच, म्हणाल्या. आतला खडक गरम असेल तर थोड्या जोरानेही डोंगर फुगतो. गार असून तेवढाच फुगला, तर खाली काहीतरी मोठं ढकलतंय. पूर्वी सगळा डोंगर सारखाच गार धरायचे, आता आतली उष्णता धरूनच हिशोब होतो, म्हणून माझे आकडे लागतात. ज्याला पाढे येत नव्हते त्याचे आकडे, ताई. मला छाती फुगवून चालायची सवय लागली होती.

पण चौथा बोअर कड्यापलीकडे आहे. दोन तासांची चढण, राखेत पाय गुडघ्यापर्यंत जातो. तो नवा खणलेला, आणि मी तिकडे दोन महिने गेलोच नाही. तिसऱ्याचा आकडा घ्यायचा, दोन-चार अंश इकडेतिकडे करायचे आणि दगडाला टेकून बिडी ओढायची. एकाच डोंगरातले बोअर, असा किती फरक असणार. कुणालाच शंका आली नाही. सुवाच्य लिहिलेला आकडा खराच वाटतो.

त्यावरून निघालं की डोंगर आतून मऊ आहे, जोर थोडाच आहे, खालच्या वस्तीतल्या लोकांनी घरी जायला हरकत नाही. पाच महिने ते शाळेच्या वर्गांत राहत होते. घरी जाणाऱ्यांची यादी लागली त्या सकाळी मी पाण्याचे कॅन पोचवायला तिथे होतो. एक बाई गादी गुंडाळत सासऱ्याला म्हणत होती, मामंजी उठा, डोंगर मोजून झालाय. म्हातारा म्हणाला, मोजणाऱ्याला विचारलंस का, तो राहायला येतोय का आपल्याकडे. सगळे हसले. मीही हसलो, आणि मग मला तिथे उभं राहवेना.

तसाच चौथ्या बोअरला गेलो. दोरी शेवटपर्यंत सोडली. लिहिलेल्यापेक्षा एकेचाळीस अंश कमी. खाली येऊन मॅडमना वही दिली आणि सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. आकडा बदलून हिशोब पुन्हा केला, खडक गार म्हणून खालचा जोर बराच मोठा निघाला, मग स्वतः जाऊन यादी काढून आणली. लोक अजून शाळेतच आहेत, कचेरीला शिव्या घालतात. डोंगर गप्प आहे. फुटेल की नाही, कुणी छातीठोक सांगत नाही.

यादी टेबलावर ठेवून मॅडमनी विचारलं, आणखी कुठे असं केलंयस? मी म्हणालो, डोंगरावर कुठेच नाही. ते खरं होतं. ताई, त्या दुपारी तू शिवणाच्या कारखान्यातून फोन केलास, बाबांना थर्मामीटर लाव, ताप जास्त असेल तर पाळी टाकून येते. मी खाली कॅरम खेळत होतो. जिना चढलोच नाही. पाच मिनिटं जाऊ दिली आणि तुला सांगितलं, नव्याण्णव. दुसरी पाळी तू त्या नव्याण्णववर केलीस. तू आलीस तेव्हा एकशे पाच होता, आणि तू आजही म्हणतेस की अचानक चढला. अचानक चढला की सकाळपासूनच होता, मला माहीत नाही, कारण मी बघितलं नाही. तुझी चूक नव्हती असं ओरडताना मला हे ठाऊक होतं. ओरडणं सोपं होतं. आता माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण ते वाक्य पुन्हा लिहू नकोस, ते तुझं नाही. मला कामावरून काढलं नाही, चौथ्या बोअरला मुकादम सोबत येतो. पंधरा दिवसांचा पगार कापलाय, म्हणून या वेळी चार हजार दोनशेच पाठवतोय.

तुझाच,
बारक्या