शुक्रवारची डेग

रविवार, ९ मार्च १९८६

प्रिय मिल्का,

काल दुपारी महादेवी उपाशी राहिली. सातवा महिना लागलाय तिला, सकाळपासून खडी फोडते, आणि वीस पावलांवर गरम खिचडी असताना ती पदर ओढून दगडांच्या ढिगाआड बसून राहिली. तिला उपाशी कुणी ठेवलं? तिच्या सासूनं, गावानं, की मी? कालपासून हे स्वतःला विचारतेय. माय गावभर सांगत फिरते, ‘आमच्या घरात पयली बी. ए. हाय, गौतमीला इच्यारा.’ हे मात्र कुणी मला विचारू नये.

पुण्याला परतल्यावर तू लिहिलेलं पत्र गुरुवारी मिळालं. ‘आता शनिवारीसुद्धा सगळे जेवतात हे ऐकून सिनेगॉगमध्ये सगळ्यांना बरं वाटलं. पोटं भरतात, तेच महत्त्वाचं ना?’ असं तू लिहिलंस. वाचून मला इतका राग आला की पत्र चुलीत जाता जाता राहिलं. राग तुझ्यावर आहे. तो गिळून गोड लिहिलं तर हॉस्टेलच्या एका खोलीत काढलेली तीन वर्षं खोटी ठरतील.

तुम्हाला इथं मीच बोलावलं, हे मी विसरलेले नाही. चाकूरजवळच्या या पाझर तलावाच्या कामावर बायका नुसत्या पाण्यावर दुपार काढतात, एवढंच मी जानेवारीत कळवलं होतं. आमचा जिल्हा नवा, कचेरीच्या पाट्यांचा रंग अजून ताजा, आणि अर्ज घेऊन गेलं की साहेब म्हणायचे, फाईल अजून उस्मानाबादेतच आहे. तुमच्या महिला मंडळानं फाईल पाहिली नाही. पंधरा दिवसांत एलिझाकाकू तांदूळ, डाळ, तुला आणि आणखी चार बायकांना घेऊन हजर. त्या दिवशी मला तुमच्या देवाचा हेवा वाटला होता.

आणि पहिल्याच सकाळी मी घाण करून ठेवली. ग्यानोबा मुकादमानं तुमच्याकडे बघत मला विचारलं, ‘बाई, ह्या कोन्त्या जातीच्या म्हनायच्या?’ तू माझ्याकडे पाहिलंस. ‘या बेने इस्राएल, म्हणजे ज्यू आहेत, यांचा धर्म वेगळा आहे’ असं एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, ‘पुण्याच्या आहेत. आडनाव झिराडकर. शनिवार पाळतात.’ ग्यानोबानं हात जोडले, ‘मंग मारुतीच्याच की! आपलेच हाईत.’ आपण दोघी तोंडावर पदर घेऊन किती हसलो! कोकणात तुझे पणजोबा शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं, तेही तू तेव्हाच सांगितलंस. तेव्हाही एका गावानं तुम्हाला आपल्याला सोयीची जात देऊन टाकली होती. ती तुम्ही मागितली नव्हती. इथं मात्र मी मागून घेतली, कारण तुमच्या हातचं लोकांनी खावं अशी माझी इच्छा होती.

शनिवारी तुम्ही चूल पेटवत नाही, म्हणून काकूंनी त्या दिवसाचा स्वयंपाक माझ्या मायला आणि आमच्याच वस्तीतल्या सरजाबाईला सांगितला. माय घरून निघाली ती धुतलेलं लुगडं नेसून. पन्नास वर्षांत या गावानं तिच्याकडून कडबा उचलून घेतला, शेण काढून घेतलं, बाळंतिणींची घाण उपसून घेतली. तिच्या हातचं अन्न कधी मागितलं नाही. डाळ तिनं चार वेळा धुतली.

दोनशे माणसांतली सत्तर बसली, तीही बहुतेक आमच्याच वस्तीची. बाकीच्यांना अचानक उपास आठवला. ‘आज मारुतीचा वार हाय, बाई.’ पुढच्या शनिवारी तेच. मीच दिलेला शनिवार त्यांनी माझ्या मायवर फिरवला. तिसऱ्या शनिवारी महादेवी उन्हात कोसळली. तिच्या तोंडावर पाणी मारताना सासू सांगत होती, ‘उपास धरलाय पोरीनं.’ पोटुशी पोरगी आणि उपास!

त्यावर तोडगा तू काढलास. तुम्ही स्वतः शनिवारी शुक्रवारीच शिजवून निखाऱ्यांवर झाकून ठेवलेलं खायचात. मग सगळ्यांचंच तसं का करू नये? तू सिनेगॉगमधल्या दोन मोठ्या तांब्याच्या डेगा मागवल्यास. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तुमच्या हातची खिचडी तयार, शनिवारी सरजाबाईनं फक्त झाकण काढायचं. झाकणाला विटाळ नसतो बहुतेक. मार्चच्या उन्हानं खिचडी जरा आंबूस झाली होती, तरी दोनशेच्या दोनशे माणसं जेवली. महादेवी दोनदा वाढून घेऊन जेवली. त्या दिवशी ना कुणाला मारुती आठवला, ना उपास.

मिल्का, त्या सकाळीही माय धुतलेलं लुगडं नेसून आली होती. आता तिनं शिजवायचं नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. तू पुढं होऊन तिचा हात धरलास आणि प्रेमानं म्हणालीस, ‘मावशी, आता तुम्हाला आराम. भांडी तेवढी घासायला थांबा.’ तू प्रेमानंच म्हणालीस, म्हणून तर तुझ्याशी भांडताही येईना. मायनं डेगा घासल्या. घरी आल्यावर मला विचारते, ‘का गं, माझ्या हातचं लई खारट व्हायलं का?’

तुमच्या भाषेत दानाला जो शब्द आहे त्यात दया नाही, न्याय आहे, हे हॉस्टेलमध्ये मला तूच समजावलं होतंस. मी ते वहीत लिहून ठेवलं होतं. सांग, त्या दिवशी न्याय कुणाच्या ताटात पडला? तुमच्या पवित्र दिवसाच्या आडून गावानं आपला विटाळ पाळला, आणि झाकण तुम्ही पुरवलंत.

धान्याच्या कोठीची किल्ली माझ्याकडे असायची; परवा शुक्रवारी मी कोठी उघडलीच नाही, म्हणून डेग चढली नाही. संध्याकाळी हजेरीच्या वेळी दगडावर उभी राहून सगळ्यांना सांगितलं, की या बायका मारुतीच्या नाहीत, यांचा देव वेगळा, पोथी वेगळी, शनिवार वेगळा, आणि पहिल्या दिवशी खोटं मी बोलले. ‘उद्याची खिचडी माझी माय करणार आहे,’ असंही सांगितलं. ग्यानोबा म्हणाला, ‘शिकवलं म्हनून लई शानी झालीस व्हय?’ काल एक्क्याण्णव जेवले. पहिल्यापेक्षा एकवीस जास्त. महादेवी त्यांत नव्हती.

आजही चुलीपाशी मायच होती. बायका लांब उभ्या राहिल्या तेव्हा सरजाबाई ओरडली, ‘आज आयतवार हाय गं! आज कोन्ता देव उपाशी ठेवतोय ते सांगा!’ दोघी-तिघी हसल्या आणि हसता हसता बसल्या. सगळ्यांत शेवटी महादेवी आली, ताट पदराखाली घेऊन ढिगाआड गेली. ताट रिकामं परत आलं. याला विजय म्हणू नकोस. तिची कालची दुपार उपाशी गेली, त्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

एलिझाकाकूंची पाळी आज संपली, उद्या त्या तुझ्यासमोर असतील. त्या रागावल्या आहेत आणि सांगतील ते खरंच असेल, फक्त त्यात माझी माय नसेल, म्हणून हे पत्र. इथून पुढं सगळे दिवस माय शिजवणार, तुमच्या बायकांनी कांदे चिरायचे आणि वाढायचं. काकू म्हणाल्या, मंडळाला विचारावं लागेल. जरूर विचारा. तोवर कोठीची किल्ली मायच्या पदराला बांधलेली आहे. तुमच्या दोन्ही डेगा मी आज सकाळी काकूंबरोबर एस.टी.च्या टपावर चढवून दिल्या. लख्ख आहेत. मायला हात लावू दिला नाही, मी स्वतः घासल्या.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
गौतमी