कापलेला ठसका

लष्कर, ग्वाल्हेर
१२ सप्टेंबर २०२४

चि. गरिमा हिस अ. उ. आ.

फोनवर बोलायला लागलो की तुझी आत्या, आमची सुधाताई, स्वयंपाकघरातून अर्ध्या मिनिटात पोहोचते, म्हणून पत्र.

तुमचा सिनेमा इंदरगंजच्या आपल्या साउंडच्या दुकानात मोठ्या स्पीकरवर लावला. पाच देशांच्या पाच गोष्टी, प्रत्येकीत मनातलं एकेक जहर. जपानचं भूत एकटेपणाने इतकं हैराण की वाटलं, त्याला टेम्पोत बसवून बाड्याच्या चौकात फिरवून आणावं. थायलंडवाली बाई पस्तावून पस्तावून भिंतीत शिरली. मग तुझी गोष्ट, मत्सराची. आत्या भाचीची रोज दृष्ट काढते, विस्तवावर मिरच्या टाकूनही ठसका येत नाही, म्हणजे दृष्ट जबर; आणि लावणारी आत्याच. तिच्या त्या एका उसाशाला माझे दोन्ही कारीगर खुर्चीतून उठले.

ताई शेवटपर्यंत बसली. म्हणाली, मिरच्या देठासकट घ्यायच्या हे गरिमाला ठाऊक असून चुकली कशी. मग म्हणाली, मार्चपासून पोरगी माझा फोन का उचलत नाही. तेच मीही विचारतोय. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर टाक.

लोभ ठेव, आणि फोन उचल.

जयसिंहकाका

बँकॉक
२६ सप्टेंबर २०२४

ती. काकांस सा. न. वि. वि.

भूत फिरवून आणायची कल्पना जपानी दिग्दर्शकाला सांगितली. तो गंभीरपणे वहीत लिहून घेत होता.

आत्याचं मात्र कसं लिहू? जानेवारीत मी निघाले त्या दिवशी तिने माझी दृष्ट काढली आणि ते तुम्ही मला रेकॉर्ड करून दिलंत. मार्चमध्ये इथे हेडफोन लावून ऐकलं. मिरच्या पडतात आणि लांब उसासा. अंगावर काटा आला. आई गेल्यावर मला वाढवायला तिने कॉलेज सोडलं, आणि मी उडून चालले. जळणारच ना ती, काका? दोष तिला नाही देत. त्या उसाशावर सगळी गोष्ट रचली, और क्या. आता कोणत्या तोंडाने बोलू? दिवाळीला येत नाही. काम आहे म्हणून सांगा. हे पत्र तिला दाखवू नका.

माया कमी होऊ देऊ नका.

तुमची गरिमा

लष्कर, ग्वाल्हेर
८ ऑक्टोबर २०२४

चि. गरिमा हिस अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसलो, मग दुकानाचं शटर अर्धं पाडून बसलो.

सिनेमात तू ठसका कापलास. मूळ रेकॉर्डिंग मी काल चार वेळा ऐकलं. मिरच्या पडतात, ताई खोकायला लागते आणि त्या खोकल्यावरच उसासा येतो. एकाच वेळी खोकेल आणि उसासाही टाकेल, असा गळा मी चाळीस वर्षांच्या धंद्यात ऐकला नाही. शिवाय उसासा माइकच्या अगदी जवळचा आहे. माइक माझ्या हातात होता, बेटा.

दुकानात ऐकला तेव्हाच ओळखला होता. म्हटलं चला, या वयात कलाकार झालो. तू तो ताईच्या नावावर लावलास हे मात्र आत्ता कळलं. चौदाव्या वर्षापासून भोंगे खांद्यावर घेऊन मुरार भागातली लग्नं वाजवली, आणि सिनेमाच्या आवाजाचं काम करायला विमानात बसतेय कोण, तर परीक्षेच्या दिवसांत माझ्याच भोंग्यांना शिव्या देणारी. जळलो त्या दिवशी, झूठ कशाला बोलू. पण ठसका आला होता, म्हणजे दृष्ट लागली नाही. इतकी वर्षं मेहनत केली, नजर मात्र कच्चीच राहिली.

ताईला फक्त माझ्या उसाशाचं सांगितलं, तुझ्या पत्राचं नाही. ती इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग मिरच्यांचा डबा उतरवून देठवाल्या सात बाजूला काढल्या. म्हणाली, दिवाळीला पोरीची दृष्ट काढेन तेव्हा जयसिंहने बाहेरच्या ओट्यावर उभं राहायचं, आत यायचं नाही.

तेव्हा तिकीट काढ. माझ्यावर राग असेल तर तोही सोबत आण, जागा आहे. या वेळी माइक तूच धर. ताई खोकेल. ते कापू नकोस.

तुझं घरचं भूत,
जयसिंहकाका