बेचाळीस नंबरची स्लाइड

प्रिय ठमे,

ताईला, तुझ्या आईला, जाऊन आज दोन महिने झाले. तुझे बाबा सांगत होते, तू धड जेवत नाहीस, बोलत नाहीस, आणि एकच पालुपद लावलंयस, ‘मी नोकरीसाठी लांब गेले म्हणून आईचं दुखणं वेळेत कळलं नाही.’ वेडाबाई, आज मी बोलणार आणि तू मुकाट्याने ऐकणार.

लॅबमध्ये मी दिवसभर काय करते हे तू कधी विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर जांभया दिल्या असत्यास म्हणा. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींचे तुकडे मेणात बसवून येतात. त्यांचे पातळ काप काचेवर चढवायचे, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली त्यांतल्या रक्तवाहिन्या मोजत बसायचं. सध्या आमच्या डॉक्टरांचं संशोधन चाललंय अंडाशयाच्या कॅन्सरच्या गाठींवर. गाठीला वाढायला रक्त लागतं, म्हणून ती स्वतःपुरत्या नव्या रक्तवाहिन्या तयार करून घेते. आणि कहर म्हणजे, शरीर तिच्याशी लढायला आपल्या ज्या पेशी पाठवतं, त्यांतल्याच काही तिथे जाऊन फितूर होतात आणि त्या वाहिन्या वाढवायला हातभार लावतात. कुंपणानेच शेत खायचं, दुसरं काय.

स्लाइडवर नाव नसतं, नुसता नंबर. ओळखीपाळखीने मोजणी वाकडी व्हायला नको ना. बेचाळीस नंबरच्या स्लाइडवर रंगाने तपकिरी झालेल्या वाहिन्यांची नुसती दाटी होती. मी खूश होऊन डॉक्टरांना बोलावलं, बघा म्हटलं, काय सुरेख रंग चढलाय! मागच्या आठवड्यात मोजणी संपली आणि नावांची यादी उघडली. बेचाळीस नंबर ताईचा होता. बाथरूमचा नळ सोडून मी ढसाढसा रडले, मग तोंड धुऊन पुन्हा कामाला बसले.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. ठमे, आईचं दुखणं कळलं नव्हतं असं नाही. मला कळलं होतं. तू गेल्यावर महिन्याभरातच तिचं पोट फुगायला लागलं, दोन घासांत भरायला लागलं. डॉक्टरांना दाखवू का, असं तिने मला दोनदा विचारलं. घरात मी अर्धी डॉक्टर ना! मलाही तो मान आवडायचा, खोटं कशाला बोलू. रोज त्याच गाठी बघणारी मी, तिच्या पोटावर हात फिरवला आणि म्हटलं, गॅस झालाय, जेवल्यावर चार पावलं चालत जा. तिने सात महिने माझं ऐकलं. ठमीला कळवू नकोस, पोरगी उगाच घाबरेल, हेही मीच म्हणाले. माझ्यावर चीड, जन्मभर बोलू नकोस, पण जेव गं. आणि हा आजार कधीकधी आईकडून लेकीकडे येतो, तेव्हा स्वतःला तपासून घे. मला काय वाटतं ते विचारू नकोस. सरळ डॉक्टरकडे जा.

तुझीच,
मावशी